समक्काचा आखूड शंकू

समक्का, तुझी तेरवी झाली, लोक जेवून गेले, मीही चंद्रपूरला परत आले, आणि अजून माझा एका जागी पाय ठरत नाही. वर्गात शिकवता शिकवता खिडकीशी जाऊन उभी राहते. घरी गॅसवर दूध ठेवून अंगणात येते आणि दूध उतू जातं. नवरा विचारतो, "काय शोधून राह्यली तू?" त्याला काय सांगू? भांडण शोधते आहे म्हणून? एवढं चांगलं रंगात आलेलं भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का गं?

कॉलेजच्या शोकसभेत प्राचार्यांनी तुला मितभाषी म्हटलं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं रडते आहे, पण मला हसू आवरत नव्हतं. मितभाषी! स्टाफरूममध्ये तुझा आवाज चढला की बाहेर चहावाला कपबशा सावरायचा. मग आपल्या विभागप्रमुखांनी तुझ्या सोशिक स्वभावाचं कौतुक केलं, आणि मी उठून बाहेर आले. तुझ्याबद्दल इतकं खोटं ऐकून घ्यायची मला सवय नाही. तू असतीस तर तिथल्या तिथे उभी राहून म्हणाली असतीस, "सर, तुमी दुसऱ्या कोनाच्या सभेत आलेत वाटते."

म्हणून हे मी तुलाच सांगते आहे. तुझा जन्म कुठला आणि पदव्या किती, ते सभेत वाचून झालं. मला आपल्या भांडणाचं बोलायचं आहे, कारण त्याचा निकाल लागला आहे आणि तो तुला कळवायची सोय उरलेली नाही.

आपण दोघी एकाच खोलीत भौतिकशास्त्र शिकवत म्हाताऱ्या होणार होतो. तू सिरोंच्याकडची, गोदावरीत जाळं टाकणाऱ्या घरातली. मी इथलीच, चांद्याची, वीज केंद्राच्या कॉलनीत राखेच्या धुरात वाढलेली. दुर्बीण फुग्याला बांधून आभाळात सोडणाऱ्या संस्थेतल्या तुझ्या जुन्या सरांनी आपल्याला शंकूचं काम दिलं, तेव्हा अख्खं कॉलेज हसलं होतं. देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या गावात बसून या बाया सगळ्यात थंड यंत्राचा भाग बनवणार! मे महिन्यात आपल्या खोलीतला पंखा गरम हवा फेकायचा, तू ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचीस, आणि आपण बोलायचो द्रव हेलियमबद्दल.

विद्यार्थी विचारायचे, मॅडम, हे नरसाळं कशाचं? तू किती सोपं करून सांगायचीस. डोळ्याला न दिसणारा एक उबेचा प्रकाश असतो, दूर अवरक्त म्हणतात त्याला. तारे जन्मायच्या आधीची जी थंड धूळ असते, तिच्यातून तो निघतो. पण तसाच तो तुमच्या हातातून निघतो, चहाच्या कपातून निघतो, या भिंतीतूनही निघतो. म्हणून तो टिपणारा डिटेक्टर द्रव हेलियमच्या भयंकर थंड भांड्यात बसवावा लागतो, नाहीतर त्याला स्वतःच्या भांड्याचीच ऊब दिसत राहते. डिटेक्टर असतो तिळाएवढा. त्या तिळावर प्रकाश गोळा करून ओतायला त्याच्यापुढे तांब्याचा शंकू लागतो. तोंड रुंद, गळा अरुंद, आतून भिंती गणितानं वळवलेल्या आणि त्यांवर सोन्याचा पातळ मुलामा. समोरून आलेला प्रकाश भिंतीवर एकदोनदा आपटून गळ्यात उतरतो. फार तिरपा आला तर आल्या वाटेनं परत जातो. "पाहुना सरळ दारातून आला तं घरात घ्याचा," तू सांगायचीस, "कुंपनावरून वाकून पाह्यलं तं हाकलाचा."

आणि बरोबर त्या कुंपणावरूनच आपलं वाजलं.

गणितानं आलेला शंकू लांब होतो, हे तर खरंच. एकेक शंकू वीतभर, असे कितीतरी शेजारी-शेजारी एका तांब्याच्या ठोकळ्यात कोरायचे. एवढं तांबं थंड ठेवायचं म्हणजे हेलियम भराभर उडणार, आणि फुगा काही बैलगाडी नव्हे की चार माणसं आणखी बसवली. मी जाड कागदाचा नमुना करून टेबलावर ठेवला होता. तू आलीस, उचललास, फिरवून पाहिलास आणि माझ्याच कात्रीनं तोंडाकडचा तिसरा हिस्सा कचकन कापून टाकलास.

"येडी हायेस का वो तू?" मी ओरडले.

"पाह्य ना," तू म्हणालीस. "तोंडाकडची भिंत जवळजवळ सरळ उभी हाये. तिच्यावर उजेड आपटतेच किती? नुसती उभी हाये आन हेलियम पिऊन राह्यली. कामाची नाई तं कापून टाकाची."

"उभं राहनं हेच तिचं काम हाये, समक्का! राखनदार बी उभाच राहाते. बाजूनं येनाऱ्या उबेले तीच अडवते. तू राखनदारच कापला."

"तुहा राखनदार झोपते गंज वेळ."

त्या दिवसापासून आपण आखूड आणि लांब झालो. डबा खाताना, पेपर तपासताना, बसस्टँडवर, तेच. तू गणित आणायचीस, मी त्यातली मोकळी जागा दाखवायची. मी आकृती काढायची, तू तिच्यावरच चहाचा कप ठेवायचीस. शेवटी तुझ्या सरांनी कंटाळून निकाल दिला की एकाच ठोकळ्यात अर्धे लांब, अर्धे आखूड कोरा आणि आभाळालाच विचारा. तो ठोकळा तयार होऊन आला तेव्हा उड्डाण इतकं जवळ आलं होतं की सगळे शंकू आपण फक्त समोरून मोजले. तिरपं मोजायचं राहून गेलं. तू म्हणालीस, परत आला की मोजू.

फुगा हैद्राबादहून वर गेला. दुर्बीण ज्या धुळीकडे रोखली होती तिचे आकडे रेडिओवरून खाली यायला लागले, आणि तुझे आखूड शंकू माझ्या लांब शंकूंपेक्षा जास्त प्रकाश दाखवायला लागले. तू खुर्चीतून उडालीस. आठवतं? सरांसमोर तू माझ्या पाठीवर थाप मारलीस, ती मला रात्रभर दुखली. तू म्हणालीस, तुझा प्रकाश लांब भिंतीवर आपटून आपटून अर्धा थकतो, माझा थेट उतरतो. मी म्हणाले, तुझ्या शंकूचं तोंड माझ्याहून लहान, त्याला जास्त धूळ दिसेल कशी? ती धूळ नाही, ती दुर्बिणीच्या नळीची ऊब आहे, बाजूनं शिरलेली. तू आभाळाच्या नावावर घरातलीच ऊब विकते आहेस.

हे वाक्य तुला लागलं, मला दिसलं. पण तू गप्प बसलीस का? छे!

मग दुर्बीण फुग्यापासून तोडली, पॅराशूट उघडलं आणि सारं सामान उतरलं ते नेमकं तुझ्या तालुक्यात, एका गावतलावात. संस्थेच्या लोकांना ना तेलुगू, ना आपली झाडी बोली, म्हणून आपल्याला जीपमध्ये घेतलं. आलापल्लीच्या सागवनातून सिरोंच्याकडे जाईपर्यंत त्या रस्त्यानं हाडं खिळखिळी केली आणि आपण दोघींनी ड्रायव्हरचं डोकं. तलावावर मासे धरणाऱ्यांनी आधीच दोर बांधून सगळं काठाशी ओढलं होतं. त्यांच्यातला एक भाऊ पुढे आला आणि मोठ्या अदबीनं विचारता झाला, "बाई, हे देवाचं होय का सरकारचं?"

"दोघायचं बी नाई भाऊ," तू म्हणालीस. "आमचं होय. माह्यं आन हिचं. पन आमचं जमत नाई."

तो भाऊ हसला. "मंग वाटून घ्या ना, अर्धं अर्धं."

"अर्धं अर्धंच हाये," मी म्हणाले, "म्हून तं जमत नाई."

मोठं सामान ट्रकवर गेलं. भांड्यात चिखल शिरला होता, म्हणून शंकूंचा ठोकळा आपण काढून घेतला आणि तू तो ओल्या लेकरासारखा मांडीवर घेऊन बसलीस. संध्याकाळ झाली, तुझं गाव जवळ होतं, तिथेच मुक्काम ठरला. ठोकळा चिखलासकट पडवीत ठेवला. ठरलं असं की तो जसा उडाला तसाच, कुणी बोट न लावता संस्थेत न्यायचा, तिरपा मोजायचा, आणि भांडण संपवायचं.

सकाळी मी दात घासत पडवीत आले. ठोकळा उन्हात वाळत होता. लालभडक. आतून, बाहेरून, प्रत्येक शंकू नव्या घागरीसारखा लखलखत होता. शेजारी चिंचेचा चोथा, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. आणि तुझी अम्मा पदरानं हात पुसत माझ्याकडून कौतुकाची वाट पाहत उभी होती.

"पिवळं पडलं होतं बिड्डा तांबं," अम्मा म्हणाली. "चिखलानं गेलं असंन. पाह्य, कसं लाल केलं. त्या भोकाईत हात जाये नाई, तं काडीले चिंधी बांधून घासलं."

सोन्याचा मुलामा! अम्मानं तो पिवळेपणा समजून घासून काढला होता. तांब्याचं भांडं लाल नसेल तर घरची बाई आळशी, असं ज्या गावात मानतात तिथे दुसरं काय होणार होतं? पाहुण्यांचं भांडं मळकं परत पाठवायचं नाही, हा तुमच्या घरचा रिवाज. माझ्या तोंडातून फेसासकट एक आवाज निघाला. तू धावत आलीस, पाहिलंस, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून पोट धरून हसायला लागलीस. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. अम्मा एकदा तुझ्याकडे पाहायची, एकदा माझ्याकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काई बिघडवलं का मी?"

"नाई वो अम्मा," तू लगेच म्हणालीस. "काईच नाई झालं. उलट ब्येस झालं." आणि माझ्याकडे पाहून डोळे वटारलेस, बोलशील तर खबरदार म्हणून.

जीपमध्ये बसल्यावर मात्र मी तोंड उघडलं. पुरावा गेला, म्हणाले. आता या ठोकळ्यावर काहीही मोजलं तरी ते अम्माच्या राखेचं मोजमाप होईल. तुझं उत्तर तयार होतं. या प्रकाशाची लहर एवढी लांब की राखेचे ओरखडे तिला दिसतच नाहीत, सोन्याखालचं तांबंही तिला तेवढाच चांगला आरसा, घासल्यानं शंकूचा आकार बदलत नाही. मोज म्हणालीस. मी म्हणाले नाही, नवा ठोकळा कोरल्याशिवाय नाही. तू म्हणालीस, घाबरते का वो शोभे? मी म्हणाले, घाबरते माही जुती.

त्यानंतर तो ठोकळा आपल्या खोलीतल्या कपाटात बसून राहिला आणि आपण त्याच्यासमोर भांडत राहिलो. मी आजही म्हणेन की माझा मुद्दा चुकीचा नव्हता. घासलेल्या वस्तूवर कोण विश्वास ठेवेल? पण तू थांबली नाहीस. कपाट उघडायचीस, ठोकळा माझ्या टेबलावर आणून ठेवायचीस, जायचीस. मी तो उचलून परत कपाटात ठेवायची. परीक्षा आल्या, निकाल लागले, उन्हाळा गेला, ठोकळ्याची ये-जा चालूच.

गणपतीच्या सुट्टीत तू गावी गेलीस. ताप आला, तो मलेरियाचा होता, तो डोक्यात चढला आणि नाल्यांना पूर होता. याच्यापुढचं मला लिहायचं नाही. फोनवर तुझं शेवटचं बोलणं तापातलंच होतं. तू म्हणालीस, "आली का मोजून?" मी म्हणाले, "आधी बरी हो, मंग पाहू." बरी हो, एवढंच म्हणायचं होतं मला. तरी शेपूट लावलंच.

तुला काही गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. संस्थेनं मला तिकडे यायला विचारलं होतं, कायमचं. मोठी प्रयोगशाळा, थंड खोल्या, मान. मी नाही म्हटलं आणि तुला सांगितलं की नवऱ्याची नोकरी इथे आहे. नवऱ्याची नोकरी काय, तो आनंदानं आला असता. मी तिथे दोन दिवस राहून पाहिलं होतं. सगळे किती नम्र! मी काही चुकीचं बोलले तरी माना डोलवायचे. एकही माणूस माझ्या आकृतीवर चहाचा कप ठेवणार नव्हता. मला तिथे करमलंच नसतं. तू माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचीस आणि साऱ्या पोट्ट्यांसमोर म्हणायचीस, "मॅडम, तिसरी ओळ चुकली." रागानं माझे कान तापायचे. आणि ती ओळ खरंच चुकलेली असायची. एवढ्या वर्षांत तू मला एकदाही भिडेखातर जिंकू दिलं नाहीस. याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. तू असताना तर मेले तरी मानले नसते.

तेरवीच्या दिवशी सगळे गेल्यावर अम्मानं मला आत बोलावलं. ती जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. मी समोर बसले. तिनं विचारलं ते तुझं नव्हतं, त्या तांब्याच्या भांड्याचं होतं.

"बिड्डा, एक सांग. माह्या घासन्यानं तिचं काम बुडलं का?"

मी म्हणाले, "समक्कानं सांगतलं ना तुमाले, काई नाई झालं म्हून."

"समक्का मले कधी खरं सांगे? पायात काटा मोडला तरी नाई म्हने. मी विचारलं का तुहं काम झालं का वो पोरी, तं म्हने होते, होते. मंग तुमी दोघी फोनवर त्याच्यावरूनच भांडा. मी आयकत होती ना." ती थांबली. "सपनात बी तेच येते मले. मी घासून राह्यली आन ती म्हने अम्मा नको. तू तोंडावर बोलनारी हायेस. तू सांगशीन ते मी खरं धरीन."

समक्का, नाही बिघडलं म्हणावं, तर मला ते माहीत नव्हतं. बिघडलं म्हणावं, तर तेही माहीत नव्हतं. आणि ती म्हातारी बाई मला खोटं न बोलणारी समजून बसली होती. "मोजून सांगते अम्मा," एवढंच म्हणाले आणि निघाले. सिरोंच्याहून येताना सगळा रस्ता मी बसमध्ये स्वतःशी बडबडत होते. शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

दुसऱ्याच आठवड्यात कपाट उघडलं. ठोकळा टॉवेलात गुंडाळला, बल्लारशाहून गाडी धरली आणि संस्थेत गेले. तुझ्या सरांनी लगेच ठोकळा थंड भांड्यात बसवला, हेलियम भरला, समोर काळी तापवलेली पाटी लावली. मला बसवेना. त्या खोलीत मी एवढ्या फेऱ्या घातल्या की सर म्हणाले, बाई, तुमच्या अंगाची ऊबच मोजून निघेल, जरा बाहेर थांबा.

आधी सगळे शंकू समोरून मोजले, उड्डाणाआधी मोजले होते तसे. आकडे तेच. लांबांचे तेच, आखूडांचेही तेच. सोनं गेलं, राख फिरली, चिंच फिरली, काडीची चिंधी फिरली, आणि त्या प्रकाशाला काडीचा फरक पडला नाही. तू म्हणाली होतीस अगदी तसं. मी भिंतीला टेकले. अम्मा सुटली, असं मी मोठ्यानं म्हणाले. सरांना वाटलं मला भोवळ आली.

मग पाटी बाजूला सरकवत नेली, तिरपी, आणखी तिरपी. एका ठरलेल्या कोनापाशी माझे लांब शंकू आंधळे झाले, व्हायला हवे होते तसे. तुझे झाले नाहीत. पाटी बाजूला जाते आहे, जाते आहे, आणि तुझे आखूड शंकू तिच्याकडे मान वळवून पाहतच आहेत. बाजूची ऊब सरळ गळ्यात उतरत होती. उड्डाणात दिसलेला तो जादा प्रकाश धुळीचा नव्हता. दुर्बिणीच्या नळीचा होता.

म्हणजे माझं बरोबर होतं. आणि ते सिद्ध झालं तुझ्यामुळे. अम्माच्या घासण्यानं काही होत नाही हे तुझं म्हणणं खरं निघालं, म्हणूनच या मोजमापावर विश्वास ठेवता आला, आणि म्हणूनच तू हरलीस. तू स्वतःच रोज हा ठोकळा माझ्या टेबलावर आणून ठेवत होतीस. तुला आपण हरू अशी शंका नव्हती का गं? का होती, आणि तरीही आणत होतीस? हे मला फार छळतं आहे. मी गाडीत हा विचार करते, वर्गात करते, भाकरी थापताना करते, आणि दर वेळी वेगळ्या उत्तरावर येते.

परवा अम्माकडे जाऊन आले. ती पडवीत मासे साफ करत बसली होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"अम्मा, तुमच्या घासन्यानं काईच बिघडलं नाई. मी मोजून आली."

"खरं?"

"खरं. मी तुमच्या पोरीवानी गोड बोलत नाई, मालूम हाये ना?"

अम्मानं हातातला मासा परातीत ठेवला. दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. खवले चिकटले होते, ते एकेक काढत राहिली. मग म्हणाली, "मंग तिचं बरोबर निघालं असंन."

ती विचारत नव्हती, तिनं धरूनच टाकलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. अम्माला कोणता शंकू आणि कोणती ऊब, काय कळणार होतं? पण तिनं मला तोंडावर बोलणारी म्हटलं होतं. आणि खरं सांगू, तुझ्याबद्दल खोटी स्तुती ऐकून मी शोकसभेतून उठून आले होते. ती मीच कशी करू?

"नाई अम्मा," मी म्हणाले. "तिचं चुकलं होतं."

अम्मानं विळी बाजूला सारली. मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढते.

"तिले कळलं असतं तं मानलं असतं का तिनं?"

"कायचं मानते? म्हनली असती, तुही पाटीच वाकडी."

"हो," अम्मा म्हणाली. "नसतंच मानलं." आणि हसली. मीही हसले. दोघी त्या माशांच्या परातीवर वाकून हसत होतो, आणि मग अम्माच्या हसण्याचा आवाज बदलला. मी तिचे ओले, खवल्यांचे हात धरून बसले. पहिल्यांदाच त्या घरात इतका वेळ एका जागी बसले असेन.

निघताना तिनं विचारलं, "मंग आता तिचं टाकून देशीन?"

"नाई टाकत. दुरुस्त करून राह्यली."

दुरुस्ती अशी आहे, नीट ऐक. शंकू तुझेच घेतले आहेत, आखूड. हेलियमचा तुझा हिशेब खोडता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. पण पुढे एक पातळ काळी कॉलर बसवली आहे, थंड, बाजूची ऊब पिऊन टाकणारी. ड्रॉइंग उद्या संस्थेत जायचं आहे. मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, ही तुझी लांब भिंतच मागच्या दारानं आत आणली. त्याला माझ्याकडे उत्तर आहे. त्या उत्तरावर तू काय म्हणशील, तेही माहीत आहे, आणि त्यावरचंही उत्तर आहे माझ्याकडे. पण त्याच्यापुढे काय म्हणशील ते मला सुचत नाही. तिथे तू काहीतरी असं काढायचीस की मी रात्रभर जागायची. त्या जागेशी येऊन मी रोज अडते आहे, समोरची खुर्ची रिकामी आहे आणि मला फार राग येतो आहे तुझा.

तू हरलीस, समक्का. ऐकतेस का? साफ हरलीस. आता तरी काहीतरी बोल.